सिट्रोएन डीएसचं १:४३ मॉडेल घेतलं, मागची चाकं आत गेलीत आणि गाडी मागून बसलीय. परत करू का?

पाइपवाला_जळगाव

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहून राहिलो, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

चार-पाच वर्षांपासून हॉट व्हील्स जमवतोय, दोनेकशे तरी झाल्या असतील, पण खरं सांगू का, आता त्यांच्यात मन लागत नाही. निम्म्यांवर आगीच्या ज्वाळा काढलेल्या आणि निम्म्या रस्त्यावर कधी न दिसणाऱ्या. यंदा बोनस आला तेव्हा ठरवलं की एकच विषय धरायचा, जुन्या फ्रेंच गाड्या. फ्रेंचच का, तर लहानपणी मोठे मामा कुवेतला होते, त्यांनी एकदा मॅचबॉक्सची एक गाडी आणली होती, नारिंगी, बुडावर लेस्नी आणि मेड इन इंग्लंड लिहिलेलं आणि नाव सिट्रोएन एसएम. आम्ही तिला सित्रोयेन म्हणायचो, सिट्रॉन म्हणायचो, काहीही म्हणायचो. अंगणात दगडमातीत इतकी फिरवली की रंग अर्धा गेला, मग बहिणीने नेलपॉलिश लावून दिलं. ती गाडी अजून माझ्याकडे आहे, नेलपॉलिशसकट.

तर आता पहिली खरेदी म्हणून १:४३ मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या ४३ व्या हिश्श्याच्या मापात, सिट्रोएन डीएस १९ घेतली, १९५६ ची, काळं अंग आणि पांढरट छत. ऑनलाइन सेकंडहँड, १८५० रुपये. गाडी आली, डबा उघडला, आणि तिथूनच गडबड सुरू झाली. एक तर मागची दोन चाकं पुढच्यांपेक्षा आत आहेत, म्हणजे समोरून पाहिलं तर पुढचं चाक दिसतं आणि मागचं त्याच्या आड लपतं. मला वाटलं अॅक्सल छोटा टाकलाय कंपनीने. दुसरं, गाडी खालीच बसलेली वाटते, मागून तर जास्तच, मागचं चाक अर्धं पत्र्यातच. आणि छताच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर लग्नातल्या भोंग्यासारखं काहीतरी आहे, ते कशाचं? कोणी नंतर चिकटवलंय का?

बाबांनी आयुष्यभर जीप चालवली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "पाटे बसलेत रे हिचे." आता मॉडेलला कुठले पाटे!

परत करायची मुदत परवा संपते. करू का? आणि दोन बाजूचे प्रश्न: १:४३ हे माप बरोबर निवडलं का, लोक १:१८ पण म्हणतात. आणि जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहितीच आहे, या गाड्यांना उन्हाने काही होतं का?

---

दोन_घोडे_धुळे

थांबा भाऊ, रिटर्नच्या बटनाला हात लावू नका!!

तुम्ही जेवढे डिफेक्ट लिहिले ना, ते सगळे खऱ्या गाडीत आहेत. उलट मॉडेलवाल्याने प्रामाणिकपणे केलं म्हणून तुम्हाला दिसले.

चाकांचं आधी. खऱ्या डीएसच्या पुढच्या दोन चाकांतलं अंतर दीड मीटर आणि मागच्या दोघांतलं १ मीटर ३० सेंमी. म्हणजे मागे २० सेंमी कमी. गाडी पाण्याच्या थेंबासारखी मागे निमुळती होत जाते म्हणून. फ्लामिनियो बेर्तोनी नावाचा इटालियन माणूस होता सिट्रोएनमध्ये, मूळचा शिल्पकार, त्याने तिचा आकार केला, आणि तो आकार बघितला की कळतं की हा इंजिनियरच्या हातचा नाही. तुम्ही पाइपवाले दिसता, व्हर्नियर असेलच जवळ, मोजून बघा. पुढे ३५ मिमी आणि मागे ३० मिमीच्या आसपास भरलं तर अॅक्सल बरोबर आहे. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये पुढे-मागे एकच अॅक्सल घालून मोकळे होतात, ती असती तर मी स्वतः परत करा म्हणालो असतो.

आता बसलेली गाडी. काका एकदम चुकलेले नाहीत बरं का, पण हिला पाटेच नाहीत. स्प्रिंगच्या जागी चार चाकांना चार गोळे, गोळ्यात एका बाजूला नायट्रोजन वायू, दुसऱ्या बाजूला तेल, मध्ये पडदा. इंजिन चालू झालं की पंप तेलाचं प्रेशर देतो आणि गाडी उभी राहते, आधी ढुंगण वर करते मग तोंड, अगदी बसलेली म्हैस उठते तशी. इंजिन बंद करून ठेवली की प्रेशर हळूहळू उतरतं आणि गाडी जमिनीवर टेकायला येते. म्हणून काही मॉडेलवाले तिला चालत्या उंचीला करतात आणि काही पार्किंगच्या. तुमची पार्क केलेली आहे इतकंच. आणि मागची चाकं अर्धी झाकलेलीच असतात हिची. पंक्चर झालं तर मागचा अख्खा मडगार्ड एका बोल्टवर निघतो. जॅक पण लागत नाही, आत एक लिव्हर असतं, त्याने गाडी पूर्ण वर उचलायची, बाजूला एक टेकू लावायचा, आणि लिव्हर खाली केलं की गाडी स्वतःचं चाक स्वतः उचलून घेते. मी व्हिडिओ पाहिला तेव्हा तीनदा मागे घेऊन पाहिला.

भोंगे म्हणजे इंडिकेटर! मागचे. उंचावर, मागच्याला नीट दिसावे म्हणून. आणि छत पांढरट आहे कारण सुरुवातीच्या गाड्यांना छत फायबरचं होतं, वरचं वजन कमी करायला.

एक गोष्ट मात्र तपासा. तुमच्या गाडीला पुढे दोन साधे गोल दिवे आहेत का काचेच्या आत चार? १९५६ ची म्हणजे दोनच हवेत. काचेमागचे चार दिवे, त्यातले आतले दोन स्टिअरिंगबरोबर वळणारे, हे १९६७ च्या शेवटी आले. डब्यावर ५६ आणि तोंड ६८ चं असं असेल तर मग खुशाल भांडा विकणाऱ्याशी.

ही गाडी ५ ऑक्टोबर १९५५ ला पॅरिसच्या शोमध्ये पडद्याबाहेर आली आणि पहिल्या १५ मिनिटांत ७४३ ऑर्डरी, दिवसभरात १२ हजार. युद्ध संपून दहाच वर्षं झालेली, लोकांनी असलं काही पाहिलेलंच नव्हतं. १९७५ पर्यंत बनली, साडेचौदा लाखांच्या वर. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्यावर १९६२ च्या ऑगस्टमध्ये गोळीबार झाला, टायर फुटले तरी ड्रायव्हरने त्याच डीएसमधून त्यांना बाहेर काढलं. नाव पण गमतीचं, डीएस फ्रेंचमध्ये म्हटलं की 'देएस', म्हणजे देवी. देवी घरी आलीय आणि तुम्ही परत पाठवायला निघाले.

---

केळीचा_घड_रावेर

वरच्या भाऊंनी म्हैस बरोबर पकडली 😄

पाइपवाले भाऊ, बाबा जीप चालवायचे म्हणता, कोणती? एमएम ५४० असेल तर बाबांना सांगा की तुम्ही आयुष्यभर फ्रेंच इंजिनच हाकलंय. महिंद्राच्या त्या जीपमधलं डिझेल इंजिन एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी, प्यूजोचं. आमच्याकडे होती, केळीच्या वावरात चिखलात फसली की आवाजच वेगळा काढायची, गावातली पोरं आवाजावरून सांगायची कोणाची जीप येऊन राहिली. आमचा फिटर प्युजॅट म्हणायचा, आम्ही पण तेच म्हणायचो, मला प्यूजो हा उच्चार नोकरीला लागल्यावर कळला, तोवर मी चारचौघांत प्युजॅट प्युजॅट करून बसलो होतो. आणि नुसती जीप नाही, नव्वदच्या दशकात कल्याणला प्रीमियरने प्यूजो ३०९ बनवली होती, मारुतीच्या झेन डिझेलमध्ये पण प्यूजोचंच १५२७ सीसी इंजिन होतं. म्हणजे फ्रेंच गाडी आपल्याकडे नव्हती असं नाही, बॉनेटखाली लपलेली होती.

माझं म्हणणं काय, डीएस घेतली ठीक, पण दुसरी घ्याल ती टूसीव्ही घ्या. ती आपल्या भागातली गाडी आहे. म्हणजे फ्रान्समधल्या आपल्यासारख्यांची. सिट्रोएनच्या साहेबांनी, पिएर बुलांजे नाव त्यांचं, इंजिनियरांना सांगितलं होतं की शेतकऱ्यासाठी गाडी करा, चार माणसं आणि ५० किलो बटाटे घेऊन ताशी ६० ने जायला पाहिजे आणि नांगरलेल्या वावरातून अंड्याची टोपली नेली तर एक अंडं फुटायला नको. आता सांगा, हे वाचून तुम्हाला सावदा-रावेरचा कोणता रस्ता आठवला? केळीला डाग पडला की व्यापारी भाव पाडतो, आमच्याकडे अंड्याच्या जागी केळीचा घड ठेवून टेस्ट घेतली पाहिजे होती.

युद्धामुळे काम थांबलं, नमुने लपवून ठेवले, आणि १९४८ ला दाखवली. ३७५ सीसी, फक्त ९ हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, हवेनेच थंड होणारं इंजिन म्हणजे रेडिएटर नाही की पाणी नाही. सुरुवातीला वायपर पण स्पीडोमीटरच्या केबलवर चालायचे, गाडी जोरात तर वायपर जोरात, सिग्नलला थांबली तर वायपर पण थांबले. हातानेच फिरवा मग. तरी १९९० पर्यंत बनत राहिली.

मॉडेलमध्ये बघायचं ते बॉनेट. जुन्या टूसीव्हीचं बॉनेट म्हणजे आपल्या गोठ्याचा पन्हाळी पत्रा, बारीक बारीक नाळ्या असलेला. पातळ पत्रा मजबूत व्हावा म्हणून तसा. माझ्याकडे एक आहे, १:४३, लांबी जेमतेम ९ सेंमी, करड्या रंगाची. त्या नाळ्यांमध्ये धूळ बसते आणि ती काढायला मी बायकोचा मस्काऱ्याचा ब्रश वापरतो. तिला माहीत नाही. इथे ती येत नाही म्हणून लिहितोय.

---

पाइपवाला_जळगाव

अरे वा, एका रात्रीत एवढं! सगळ्यांचे आभार.

आज कंपनीत क्यूसीच्या टेबलवर चहाच्या सुट्टीत गाडी मोजली. डिजिटल व्हर्नियर, पाइपाची जाडी मोजतो तोच. पुढे ३४.८, मागे ३०.३!!! माझा सुपरवायझर मागे येऊन उभा होता, म्हणाला हे कोणत्या साइजचं फिटिंग आहे. लांबी ११.२ सेंमी. दिवे दोनच आहेत, साधे गोल. म्हणजे पास.

बाबांची जीप ५४० च होती. त्यांना सांगितलं, ते काही बोलले नाहीत, पण नंतर स्वतःहून गाडी हातात घेऊन उलटी करून बुड बघत बसले होते.

आता एक नवीन. एकाने मला मेसेज केलाय, त्याच्याकडे साठच्या दशकातली ओरिजिनल नोरेव्हची दोन-तीन मॉडेल आहेत, प्लास्टिकची, प्यूजो ४०४ आणि एक रेनो डॉफिन, २२०० ला एक म्हणतोय. फोटोत छान दिसतात, रंग ताजा. घ्यावी का? आणि उन्हाचं कोणी सांगितलं नाही अजून.

---

भुसावळ_४६_डिग्री

उन्हाचं मी सांगतो, माझं नावच बघा. रेल्वेचं क्वार्टर, वरचा मजला, मे महिन्यात दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. मी या गोष्टी पैसे घालवून शिकलोय.

आधी ती नोरेव्ह. नका घेऊ. म्हणजे पुण्या-मुंबईत एसीत राहणारा असता तर म्हणालो असतो बघ बाबा. नोरेव्ह ही लियोंजवळच्या विलरबानची कंपनी, व्हेरों नावाच्या भावांची, आडनाव उलटं वाचलं की नोरेव्ह. पहिली छोटी गाडी १९५३ ला, सिम्का आरोंद, तेव्हा बाकी सगळे मेटल ओतत होते आणि यांनी रंगीत प्लास्टिक काढलं, रंग आतूनच असल्यामुळे उडत नाही, म्हणून तुमच्या फोटोतला रंग ताजा दिसतोय, त्याला भुलू नका. पण ते प्लास्टिक रोडियालाइट, सेल्युलोज अॅसिटेट. काळाने वाकतं. बुड केळीसारखं वाकतं (रावेरवाले माफ करा), छत आत जातं, चाकं हवेत राहतात. गरमीत अजून लवकर. माझ्याकडे एक होती, घेतली तेव्हा थोडी वाकलेली, दोन उन्हाळ्यांनंतर ती टेबलावर ठेवली की पाळण्यासारखी डोलायची. विकणाऱ्याला सांगा बाजूने, टेबलाच्या पातळीवर फोन ठेवून फोटो काढ. तो फोटो आला नाही तर समजून जा. नंतर नोरेव्ह पण मेटलवर आली आणि हल्लीच्या मेटलच्या नोरेव्ह घ्या बिनधास्त, फ्रेंच गाड्यांत त्यांच्यासारखा पसारा कोणाचा नाही.

मेटलला सगळं माफ आहे असंही नाही. या गाड्या झमाकच्या असतात, जस्तात थोडं अॅल्युमिनियम वगैरे. ओतताना त्यात शिसं मिसळलं गेलं असेल तर ती आतून फुगते, केसासारख्या भेगा पडतात आणि एक दिवस तुकडा हातात. युद्धाआधीच्या खेळण्यांत हे फार, पण नव्यातही एखादा वाईट लॉट निघतोच. दमट हवा आणि उष्णता दोन्हींनी वाढतं. उपाय नाही. रंगावर बारीक फोड किंवा दरवाज्याची फट वाकडी दिसली तर ती गाडी घ्यायची नाही, फुकट मिळाली तरी नाही.

आणि टायर! हे तुमच्या डीएसला आजच बघा. टायर मऊ पीव्हीसीचे असतात, पाइपवाले तुम्हाला मी काय सांगू, ते मऊ राहावं म्हणून जे तेलकट घातलेलं असतं ते हळूहळू बाहेर येतं आणि खालच्या प्लास्टिकच्या बेसला खातं. उन्हाळ्यानंतर गाडी उचलायला गेलो तर चारही टायर बेसला चिकटलेले, ओढलं तर एक टायर तिथेच राहिला आणि बेसवर चार काळे खड्डे. आता मी प्रत्येक चाकाखाली बटर पेपरचा नखाएवढा तुकडा ठेवतो. डब्यातला फोम पण काढून टाका, रंगाला चिकटतो.

ठेवायचं कुठे, तर गोदरेजच्या कपाटावर, स्लॅबखाली कधीच नाही, ती घरातली सगळ्यात गरम जागा. पश्चिमेची भिंत नाही. आतल्या भिंतीला, कमरेच्या उंचीला काचेचं कपाट. आणि ही एक गोष्ट आपल्या भागाबाहेरच्यांना सांगून कळत नाही: कूलर. सगळे म्हणतात गरमी आहे ना, मग कूलरच्या खोलीत ठेव. मी ठेवल्या. दोन महिने ओली हवा तोंडावर. जूनपर्यंत पुठ्ठ्याच्या डब्यांना बुरशी आणि एका सिट्रोएन ट्रॅक्शन आवाँच्या काळ्या रंगाला पुटकुळ्या. काळी गाडी, १९३४ चं मूळ डिझाइन, सगळ्यात आवडती होती माझी. कूलरच्या खोलीपेक्षा बाजूची कोरडी गरम खोली बरी. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, ओल्या झाल्या की मेमध्ये गच्चीवर दिवसभर टाकल्या की बऱ्यापैकी कोरड्या, एवढा तरी उपयोग आपल्या उन्हाचा.

मापाचं: १:४३ च घ्या. हे माप आमच्या रेल्वेतून आलंय म्हणून अभिमानाने सांगतो. खेळण्यातल्या ओ गेज मापाच्या रेल्वेत खऱ्या एका फुटाला ७ मिमी धरायचे, ते गणित १:४३.५ येतं, मग त्या स्टेशनबाहेर उभ्या करायला त्याच मापाच्या गाड्या निघाल्या. फ्रान्समध्ये तर हेच राष्ट्रीय माप समजा. १:१८ ची डीएस २७ सेंमी होते, दहा गाड्यांत कपाट संपलं.

---

गाडीवाली_अमळनेर

भुसावळच्या दादांना १०० टक्के. फक्त १:१८ ला एवढं झटकू नका, दरवाजे उघडतात, बॉनेट उघडतं, सोलिडो कंपनीच्या १:१८ तर परवडतात पण. मी दोन ठेवल्यात, बाकी सगळ्या १:४३.

मी विकत घेण्याबद्दल लिहिते, कारण तिथे मी तोंडावर पडलेय.

स्वस्त आणि मस्त मार्ग म्हणजे युरोपातल्या मासिकांबरोबर आलेल्या गाड्या, दर पंधरवड्याला एक पुस्तिका आणि एक गाडी अशा मालिका असायच्या, अॅटलास, देअॅगोस्टिनी, हॅशेट वगैरे. त्यातल्या खूपशा इक्सो कंपनीने बनवलेल्या. तुमची १८५० वाली बहुतेक त्यातलीच. बुडावर मेड इन बांगलादेश दिसलं तर दचकू नका, नकली नाही, तिकडे खरंच बनतात. यांच्यात आरसे जाड असतात, वायपर रंगवलेले असतात, पण ज्या गाड्या दुसरं कोणी करत नाही त्या इथे मिळतात.

आता माझं दुःख. दोन वर्षांपूर्वी एका ग्रुपवर फ्रेंच डिंकीची डीएस १९ आली, २४ सी नंबरची, पिवळा डबा, ६५०० रुपये. डिंकी म्हणजे मेकॅनो कंपनीच्या जुन्या खेळण्यातल्या गाड्या, आणि फ्रेंच डिंकी म्हणजे पॅरिसजवळ बोबिन्यीच्या कारखान्यातली. मी हुरळले. विकणारा म्हणे आजोबांची आहे. आली तर इतकी स्वच्छ, इतकी स्वच्छ की मलाच शंका आली. अॅटलासने जुन्या डिंकीच्या जशाच्या तशा नव्या प्रती काढल्यात, डब्यासकट, आणि त्या प्रती म्हणून चांगल्याच आहेत, मी आनंदाने दोन हजार दिले असते. पण ही आजोबांची म्हणून विकली. डब्याचा फोटो मुद्दाम एकाच बाजूचा टाकला होता, हे नंतर लक्षात आलं. साठ-सत्तर वर्षांचा पुठ्ठा कोपऱ्यावर मऊ पडतो, वास बदलतो, नट-बोल्टसारखा कडक राहत नाही. पैसे गेले ते गेलेच.

आणि बाहेरून थेट मागवणार असाल तर आधी कस्टमचा हिशोब करा. खेळण्यांवरची ड्युटी २०२० ला २० वरून ६० टक्के झाली, २०२३ ला ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो. आपल्या गाड्यांच्या डब्यावर मोठ्यांसाठी, १४+ असं छापलेलं असतं, पण डबा बघणाऱ्याला ती खेळण्यातली गाडीच दिसते. माझं एक पार्सल दीड महिना अडकलं, मी कागद पाठवतेय, ते पुन्हा मागतायत, शेवटी आलं तेव्हा गाडीपेक्षा खर्च जास्त झाला होता. रेनो ४ होती. आमच्या ह्यांनी हिशोब करून सांगितलं की एवढ्या पैशात चार तोळे नाही पण चार ग्रॅ... जाऊ दे. देशातच कोणी आणलेली असेल तर दोनशे-चारशे जास्त देऊन इथेच घ्या.

---

दोन_घोडे_धुळे

ताई रेनो ४ म्हणालात म्हणून. पाइपवाल्या भाऊंनी ती घेतली तर पुन्हा इथे येऊन डिफेक्ट लिहितील, आत्ताच सांगून ठेवतो 😂

रेनो ४ ची डावी आणि उजवी बाजू सारखी नाही. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर दोन बाजूंना वेगळं, जवळपास ५ सेंमीचा फरक. खोटं नाही. मागच्या सस्पेन्शनला टॉर्शन बार आहेत, लांब दांडे, पिळले की स्प्रिंगचं काम करतात. ते आडवे, गाडीच्या पूर्ण रुंदीचे, प्रत्येक चाकाला एक. दोन दांडे एकाच जागी कसे बसणार, म्हणून एकामागे एक टाकले, आणि चाकं पण त्याप्रमाणे एक पुढे एक मागे गेली. कंपनीने म्हटलं चालतंय की. आणि चाललं, ऐंशी लाखांच्या वर खपली, १९६१ पासून तीस वर्षं.

१:४३ मध्ये हा फरक १ मिमीच्या किंचित वर येतो. ताई, तुमच्या गाडीत तो आहे का? मला कधीपासून कोणाला तरी विचारायचं होतं पण माझ्याकडे आहे ती स्वस्तातली, तिला दोन्हीकडे सारखंच आहे.

---

गाडीवाली_अमळनेर

व्हर्नियर नाहीये माझ्याकडे! पोराच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजलं, एकदा फरक आला, एकदा नाही आला. पाइपवाले भाऊ, कधी अमळनेरला आलात तर व्हर्नियर घेऊन या, चहा माझ्याकडून.

---

केळीचा_घड_रावेर

मन्हाकडे बी एक रेनो ४ शे, पण तिचं एक चाकच नाही. चालेल का मोजायला?

---

पाइपवाला_जळगाव

ताई, पुढच्या महिन्यात अमळनेरला लग्न आहे, व्हर्नियर खिशात टाकून येतो, नक्की. रावेरवाले तुम्ही पण या, उरलेली तीन चाकं मोजू.

रिटर्न रिक्वेस्ट कॅन्सल केली. नोरेव्हवाल्याला टेबलाच्या पातळीवरचा फोटो मागितला, त्याने "सीन" करून ठेवलंय, काल संध्याकाळपासून उत्तर नाही. टायरखाली बटर पेपर लावला, बहिणीची मुलगी विचारत होती गाडीला डायपर का घातलेत. गाडी कपाटावरून काढून टीव्हीखालच्या कप्प्यात आणलीय, एसएम पण तिच्याच शेजारी ठेवली, नेलपॉलिशवाली.

बाबांना रात्री जेवताना सगळं सांगितलं, पाटे नाहीत, वायू आणि तेलावर उभी राहते, बंद केली की बसते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवून ठेवला आणि विचारलं, "मग हिचं ऑइल लीक झालं तर रस्त्यात काय करत असतील?" धुळेकर भाऊ, सांगा आता तुम्हीच, मला झोपू देत नाहीयेत.